मासळी कुठल्या होडीची?

तांडेलसर विनोद सांगण्याआधी तो कोणाचा आहे ते सांगतात.

"हा विनोद माझा नाही," अशी सुरुवात होते. "मला आमच्या प्रयोगशाळेतल्या सहायकाने सांगितला. त्याला त्याच्या मेहुण्याने. मेहुणा वापीला असतो. त्याने कुठे ऐकला ते विचारलंय, अजून कळलेलं नाही."

एवढं होईपर्यंत चहा निवलेला असतो, ऐकणाऱ्यांपैकी दोघे तासावर गेलेले असतात, आणि उरलेल्यांना आता विनोद येणार हे माहीत असल्यामुळे ते गंभीर झालेले असतात. विनोद बहुतेक वेळा चांगला असतो. हसायला कोणी नसतं.

सर डहाणूच्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतात. अंगाने किडकिडीत, चष्म्याची दोरी गळ्यात, आणि कुठल्याही वाक्यावर एकच प्रश्न, "मूळ कुठलं?" सकाळच्या शुभेच्छांचा संदेश पाठवणाऱ्या प्रत्येकाला ते हा प्रश्न विचारत. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने सुविचाराखाली एका संताचं नाव घातलं होतं. त्या संताच्या हयातीत मोबाइल नव्हता आणि सुविचारात तो होता, हे सरांनी सगळ्यांच्या नजरेला आणून दिलं. त्यांना ग्रुपमधून काढण्यात आलं. काढण्याची कल्पना मूळ कोणाची, याची चौकशी त्यांनी नंतर वैयक्तिक संदेश पाठवून केली.

एका लग्नपत्रिकेत खाली "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं" असं छापलेलं होतं. नाव होतं चार वर्षांच्या भाचीचं. सर लग्नाला गेले, भाचीला शोधून काढलं, खाली वाकले आणि विचारलं, "बाळ, हे तू लिहिलंस?" मुलगी रडायला लागली. सरांच्या मते ती कबुली होती.

शोकसभांना आता त्यांना बोलावत नाहीत. एका स्थानिक पुढाऱ्याने दोन वेगवेगळ्या माणसांवर एकच भाषण केलं होतं. ते सरांना दोन्ही वेळा ऐकावं लागलं, आणि दुसऱ्या वेळी आभारप्रदर्शन सरांकडे होतं. त्यांनी पुढाऱ्याचे आभार मानले, आणि पहिल्या मृताचेही मानले.

ही खोड कुठून आली, याचं उत्तर सर संदर्भासह देतात. त्यांची आई डहाणूच्या बाजारात मासळी विकायची. गिऱ्हाइकाने विचारायच्या आत ती सांगायची, ही अमक्याच्या होडीची, ही तमक्याच्या, आणि ही कालची, बर्फातली, घ्यायची तर घ्या. बाजूच्या बायका तिला हसत. "आईची मासळी उशिरा संपायची," सर म्हणतात. "पण कोणी परत घेऊन आलं नाही." मग थोडं थांबून, "हे दुसरं वाक्य आईचं."

सर्वांत जास्त वाक्यं मात्र त्यांच्या पत्नीच्या नावावर असत. शालिनीताई आशागडच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्या स्वतः आमच्यात फारशा येत नसत, पण त्यांचं म्हणणं रोज स्टाफरूमपर्यंत पोचायचं. प्राचार्यांचं स्वागताचं भाषण लांबलं, की सर म्हणत, "शालिनी म्हणते, पाहुण्याला पाणी द्यावं, विहीर दाखवू नये." घोलवडच्या चिकूंची पाटी बघून, "शालिनी म्हणते, पाटी घोलवडची असते, चिकूचं काही सांगता येत नाही." हा संदर्भ लहान असल्यामुळे या विनोदांना लोक वेळेवर हसत. मी तेव्हा एका दैनिकाचं जिल्हा पान बघायचो आणि चहाला अधूनमधून तिथे जायचो. त्यातली दोन वाक्यं मी बातमीत वापरलीही. सरांनी फोन करून नाव का नाही घातलं, असं विचारलं.

मग शालिनीताई आजारी पडल्या आणि गेल्या. सर चौदाव्या दिवशी कामावर आले. त्या दिवशीही त्यांनी त्यांचं एक वाक्य सांगितलं. 'म्हणते'च्या जागी 'म्हणायची' आलं होतं. बाकी काही बदललेलं दिसलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी महाविद्यालयाने संशोधनातली नक्कल पकडणारं सॉफ्टवेअर विकत घेतलं. प्रबंध त्यात टाकायचा, दुसरीकडून उचललेला मजकूर तांबडा होऊन बाहेर येतो. सॉफ्टवेअर आलं म्हणून समिती आली. समिती आली म्हणून अध्यक्ष लागला. तांडेलसरांना करू नये, याबद्दल एकमत होतं, पण दुसरं कोणी तयार नव्हतं. उपप्राचार्य पंड्यासर सदस्य झाले. बाहेरचा एक माणूस असावा असा नियम होता. मी निवृत्त झालो होतो आणि जवळ राहत होतो.

पंड्यासरांचं घराणं तीन पिढ्या डहाणूत आहे. ते विद्यार्थ्यांशी मराठीत बोलतात, हिशेब गुजरातीत करतात आणि रागावतात हिंदीत. समितीबद्दल त्यांचं धोरण पहिल्याच बैठकीत स्पष्ट झालं. "तांडेलभाई, जे येईल ते पतावी नाखो ने, उरकून टाका. दोषी तर दोषी, निर्दोष तर निर्दोष. पण इन्स्पेक्शनच्या आधी."

पहिलंच प्रकरण आलं ते सुरेखा वरठा यांचं. त्या सरांच्याच विभागात तासिका तत्त्वावर शिकवत होत्या, म्हणजे जेवढे तास तेवढा पगार आणि सुट्टीत काही नाही. तलासरी तालुक्यातल्या पाड्यांवर लोक पावसाळ्यात ओढ्यातले मासे कसे आणि कुठले धरतात, हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय. मार्गदर्शक मुंबईचे होते, ते पाड्यावर कधी आले नव्हते. विभागात एक कायम जागा निघणार होती. पदवी झाली तर ती जागा वरठाबाईंना मिळण्यासारखी होती. नक्कल सिद्ध झाली तर नोंदणी रद्द, आणि तासिकाही जाणार.

सॉफ्टवेअरने त्यांच्या प्रबंधातलं झरीजवळच्या एका पाड्याचं सर्वेक्षण तांबडं करून दिलं होतं. घराघरांतून मिळालेली उत्तरं शब्दशः तीच, जी आधीच्या दोन प्रबंधांत छापलेली होती. ते दोन्ही प्रबंध वेगवेगळ्या विद्यापीठांचे होते आणि दोघांनाही पदवी मिळालेली होती. शिवाय वरठाबाईंच्या प्रबंधात सगळ्या घरांची उत्तरंही एकमेकांशी जुळत होती. कुठला मासा जास्त मिळतो? मळ्या. कधी? पहिल्या पुरानंतर. पूर्वी जास्त मिळायचा का? हो, आता कमी झाला. का? देवाला माहीत.

"उघड आहे," पंड्यासर म्हणाले. "तीन जणांना एकच देव कसा माहीत असेल?"

वरठाबाई समितीसमोर ताठ बसल्या होत्या. "मी ते प्रबंध पाहिलेसुद्धा नाहीत, सर. मी पाड्यावर गेले होते. लोकांनी सांगितलं ते लिहिलं."

"मूळ कुठलं, ते बघू," तांडेलसर म्हणाले.

पंड्यासरांनी मान खाली घातली. त्यांना कळलं होतं की आता जावं लागणार, आणि गाडी त्यांचीच जाणार.

आम्ही आशागडवरून कासा गाठलं, तिथे चहा घेतला आणि तलासरीच्या रस्त्याला लागलो. वरठाबाईंना सरांनी मुद्दाम आणलं नव्हतं. साक्षीदारांवर दबाव नको. वाटेत एका ट्रकच्या मागे शेर लिहिला होता. सर खिडकीतून डोकं बाहेर काढून ड्रायव्हरला काहीतरी विचारत होते. पंड्यासरांनी वेग वाढवला.

पाड्यावर पोचलो तर पहिल्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. आम्ही महाविद्यालयातून आलो म्हटल्यावर तिने काही न विचारता आत हाक मारली, "चटई आण गं. प्रश्नवाले आले." चटई आली. पाणी आलं. मग एकेका घरातून माणसं येऊन गोल बसली. कोणी बोलावलं नव्हतं, पण सगळ्यांना जागा माहीत होती.

तांडेलसर म्हणाले, "आम्हाला प्रत्येकाशी वेगळं बोलायचं आहे. घरी जाऊन."

"उन्हात कशाला फिरता?" म्हातारी म्हणाली. तिचं नाव जानकी. "इथंच विचारा. मासा मळ्या. पहिल्या पुरानंतर. आता कमी झाला. पुढचं विचारा."

पंड्यासरांनी माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं.

"आजी, हे सगळ्यांचं उत्तर आहे का?" सरांनी विचारलं.

"सगळ्यांचंच."

"असं कसं होईल? कोणाला दुसरा मासा मिळत असेल."

"मिळतो ना," मागून एक माणूस म्हणाला. "मला तर मळ्या कधी मिळालाच नाही. मी खेकडे धरतो."

"मग तसं का नाही सांगितलं?"

तो जानकीआजीकडे बघू लागला. आजीने समजावून सांगितलं, लहान मुलांना सांगावं तसं. "पहिला एक आला होता, शहरातला. त्याला प्रत्येकाने आपापलं सांगितलं. तो गेला, पुन्हा आला. म्हणाला, तुमचं जुळत नाही. पुन्हा सांगा. भातलावणीचे दिवस. माणसं शेतात आणि हा दारात. मग आम्ही बसलो आणि जुळवलं. तेव्हापासून जो येईल त्याला तेच देतो. कोणाची तक्रार नाही. सगळे खूश होऊन जातात."

तांडेलसरांचा चेहरा उजळला. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो. असा चेहरा मी त्यांचा पाहिला नव्हता. आयुष्यभर ते ज्याच्या मागे होते ते त्यांच्यासमोर चटईवर तंबाखू मळत बसलं होतं.

"पंड्या," ते हळूच म्हणाले, "हे मूळ."

"दोन पीएच.डी. या ओट्यावर झाल्या?" पंड्यासर म्हणाले.

"तिसरी अडकली आहे, वरठाबाईंची."

"सुरेखा?" जानकीआजीने मान वर केली. "माझ्या भावाची पोर ती. तिला काय झालं?"

सरांच्या चेहऱ्यावरचा उजेड तिथेच विझला. "तुम्ही तिच्या आत्या?"

"सख्खी. ती पण आली होती कागद घेऊन. म्हणे, घराघरात जाते. मी म्हटलं, आत्याच्या घरी आलीस आणि दारोदार फिरणार? लोक काय म्हणतील? बस इथं, जेव, सगळ्यांना बोलावते." आजीने सरांकडे नीट पाहिलं. "तिला वेगळं नाही दिलं हां काही. बाहेरच्यांना दिलं तेच दिलं. घरची म्हणून भेदभाव नाही केला."

परतताना कासा आलं. मग पंड्यासर म्हणाले, "म्हणजे चोरी नाही. जवा दो. पोरगी सुटली."

"नाही सुटली," तांडेलसर म्हणाले. "प्रबंधात काय लिहिलंय? 'प्रत्येक कुटुंबाची स्वतंत्र मुलाखत घेण्यात आली.' घेतली का?"

"आत्याने जेवायला बसवलं, तर काय करणार ती?"

"जेवायचं. आणि जेवले असं लिहायचं."

निकालाच्या बैठकीत सर सांगत होते आणि मी लिहून घेत होतो. नक्कल सिद्ध होत नाही, कारण तिन्ही प्रबंधांचा स्रोत एकच असून तो हयात आहे. मात्र स्वतंत्र मुलाखती घेतल्या हे विधान खोटं आहे, आणि उत्तर देणारी व्यक्ती नात्यातली आहे हे लपवलं आहे. नोंदणी रद्द करू नये, तासिका चालू ठेवाव्यात. सर्वेक्षण पुन्हा करावं, घराघरात जाऊन. आणि पहिल्या वेळी काय झालं तेही प्रबंधात लिहावं, ओट्यासकट.

पंड्यासर या सगळ्याला हो म्हणाले. त्यांनी पेनचं टोपण काढलं होतं.

"शेवटी एक वाक्य घ्या," सर म्हणाले. "शालिनी म्हणायची, बाजारातले सगळे बोंबील सारखेच दिसतात, म्हणून त्यांनी एकमेकांची नक्कल केली असं होत नाही. तुमच्या त्या नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला एकदा मासळी बाजारात न्या, असंही म्हणायची."

मी हसलो आणि लिहिलं. पंड्यासर हसले नाहीत. त्यांनी टोपण परत लावलं.

"तांडेलभाई, एक मिनिट. सॉफ्टवेअर आपण कधी घेतलं? खरेदीवर माझी सही आहे. भाभी त्याच्या आधीच गेल्या होत्या." मग ओशाळून म्हणाले, "तुमच्यामुळेच सवय लागली विचारायची."

सरांनी चष्मा काढला. तो दोरीला छातीवर लोंबत राहिला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "हे तिने म्हटलेलं नाही."

"मग?"

"मी."

"आणि परवाचं ते, गणपतीच्या मिरवणुकीतल्या डीजेवरचं?"

"तेही मी. ती गेल्यानंतर काही दिवस वाक्यं तिचीच होती. मग माझी."

मला विचारण्यासारखे प्रश्न बरेच होते. मी पेनला टोपण लावलं.

"नियमांचं पुस्तक द्या," सर म्हणाले. "अध्यक्षावर नोंद करायला लागेल."

पंड्यासरांनी पुस्तक उघडलं. दुसऱ्याचे शब्द आपल्या नावावर घेणं, त्याला कलम होतं. न केलेलं निरीक्षण केलं म्हणून दाखवणं, त्यालाही होतं. आकडे बदलणं, लेखकाचं नाव गाळणं, फुकट नाव घालणं, सगळ्याला होतं. स्वतःचे शब्द दुसऱ्या माणसाला देऊन टाकणं कुठे बसतं, ते त्यांनी बराच वेळ शोधलं. पानं पुढून मागे आणि मागून पुढे उलटून झाली.

"नथी, तांडेलभाई," ते शेवटी म्हणाले. "आवी कोई कलमच नथी. कोणी असं करेल हे त्यांना वाटलंच नसेल."

"मग निकाल तरी कसा टिकणार?" मी विचारलं. हे विचारणं भाग होतं. बाहेर व्हरांड्यात वरठाबाई उभ्या होत्या. उद्या कोणी म्हटलं असतं की ज्या अध्यक्षाने त्यांना सोडलं तोच खोटे संदर्भ देतो, तर त्यांचं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असतं.

"वाक्य खोडा," सर म्हणाले. "निकाल ठेवा. निकालासाठी आपण झरीपर्यंत गेलो. वाक्यासाठी मी कुठेही गेलो नाही."

मी वाक्य खोडलं. अहवालात वाचण्यासारखं तेवढं एकच होतं.

जिना उतरताना सर माझ्यासोबत होते. मी काही विचारलं नाही तरी त्यांनी सांगितलं, कारण त्यांना कुठलीही गोष्ट संदर्भाशिवाय सोडवत नाही. "तिची वाक्यं मी पुरवून वापरत होतो. एके दिवशी स्टाफरूममध्ये कोणी तरी म्हणालं, सर, हे ऐकलंय. माझ्या लक्षात आलं, सगळी सांगून झाली. घरी नवीन काही होत नव्हतं." शेवटच्या पायरीवर ते थांबले. "माझ्या नावावर सांगितली असती तरी लोक हसले असते. पण मग घरी जाऊन तिला काय सांगायचं?"

त्या दिवसानंतर त्यांनी शालिनीताईंचं वाक्य सांगणं बंद केलं. सहायकाचा वापीचा मेहुणा तेवढा उरला. स्टाफरूममध्ये चहा पूर्वीपेक्षा लवकर संपू लागला.

वरठाबाई पुन्हा पाड्यावर गेल्या. या वेळी आत्या ओट्यावर पाठ फिरवून बसली आणि तिने सगळ्यांना ताकीद दिली, "खरंच सांगा रे. नाहीतर पोरीची नोकरी जाईल." त्यामुळे कोणाचंच कोणाशी जुळेना. एका घरात तर नवरा-बायकोचं जुळलं नाही. वरठाबाईंनी ते तसंच लिहिलं. ओटा लिहिला, चटई लिहिली, पहिल्या वेळचं जेवण लिहिलं. परीक्षकांनी नेमकं तेच प्रकरण चांगलं म्हटलं. पदवी मिळाली, आणि पुढे ती जागाही त्यांनाच मिळाली.

त्या पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आल्या तेव्हा मीही होतो. त्यांनी मधोमध उभं राहून विचारलं, "पेढे कोणाकोणाला हवेत?" सगळेच हो म्हणाले. एकदम, एका आवाजात.

तांडेलसर कोपऱ्यात बसले होते. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं आणि तिथेच राहिलं. ते पेढ्याचा कागद सोडवू लागले. हे मी पाहिलं. पंड्यासरांनीही पाहिलं.

"तांडेलभाई," पंड्यासर पेढा तोंडात ठेवत म्हणाले, जणू रोजचंच विचारतायत. "भाभी शुं कहे छे?"

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. वरठाबाईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"ती म्हणते," सर म्हणाले, "हा प्रश्न सगळ्यांना एकत्र विचारला तरी चालतो. उत्तर बदलत नाही."

सगळे हसले. मूळ कुठलं, ते कोणी विचारलं नाही.